हात प्लास्टरमध्ये असताना मनातला रियाज

पत्र

मी ४३ वर्षांची असून सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते. शाळेत असताना शिकलेला आणि पुढे संसारात सुटलेला तबला काही वर्षांपूर्वी पुन्हा सुरू केला. येत्या एप्रिल-मे सत्रात मध्यमा पूर्णची परीक्षा द्यायचे ठरले होते, पण मध्यंतरी स्कूटरवरून पडले आणि उजवे मनगट मोडले. प्लास्टर अजून तीन आठवडे राहणार आहे आणि ते निघाल्यावर परीक्षेला जेमतेम दीड महिना उरेल. माझ्या नणंदेने मला काही व्हिडिओ पाठवले. रोज सकाळी डोळे मिटून ‘मी पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाले आहे, परीक्षक माझे कौतुक करीत आहेत’ असे चित्र पाहायचे, म्हणजे तसेच घडते, असे त्यांत सांगितले आहे. काही दिवस मी ते नेमाने केले. त्या वेळी बरे वाटते, पण दुपारपर्यंत मन पुन्हा खचते. शिवाय डोळे मिटल्यावर मला स्पष्ट असे काही दिसतच नाही. दिल्ली घराण्याचा कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना, मनात म्हणायला घेतला, तर खालीतून (डग्गा गप्प राहतो त्या भागातून) परत येताना हात जिथे नेहमी अडखळायचा, तिथेच तो मनातही अडखळतो. गुरुजी म्हणतात, ‘ते व्हिडिओ बंद कर आणि पढंत कर.’ पढंत म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणणे. मनातल्या मनात सराव करून खरोखर काही साधते का, की ही नुसती मनाची समजूत आहे?

– एक वाचक, सांगली

उत्तर

ताई,

मनातल्या सरावाने निश्चित काही साधते, आणि हात बांधला गेलेल्या तुमच्यासारख्या वादकाला तर त्याचा मोठा आधार होऊ शकतो; मात्र सध्या रोज सकाळी तुम्ही जे करीत आहात, तो सराव नव्हे. निकालाचे चित्र पाहणे वेगळे आणि प्रत्यक्ष कृतीची मनात उजळणी करणे वेगळे. या दोहोंना हल्ली एकाच नावाने ओळखले जाते, त्यामुळे तुमच्यासारख्या कष्टाळू माणसांची फसगत होते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. पहिल्या प्रकाराने घटकाभर बरे वाटते आणि दुसऱ्याने हात तयार होतो. तुमच्या गुरुजींनी तुम्हाला पहिल्याकडून दुसऱ्याकडे वळायला सांगितले आहे.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लिएन फाम आणि शेली टेलर या संशोधकांनी परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. काही विद्यार्थ्यांना रोज काही मिनिटे आपल्याला उत्तम गुण मिळाल्याचे चित्र पाहायला सांगितले होते. दुसऱ्या गटाला आपण टेबलाशी बसून पुस्तक उघडतो आहोत, टिपणे काढतो आहोत, दूरदर्शन संच बंद ठेवतो आहोत, असे अभ्यासाचेच चित्र पाहायला सांगितले होते. अभ्यास करताना स्वतःला पाहणाऱ्यांनी खरोखर अधिक अभ्यास केला आणि त्यांना गुणही अधिक मिळाले. गुण पाहणाऱ्यांनी मात्र अभ्यास कमी केला. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक वर्षे याच विषयावर काम केले असून, हवे ते मिळाल्याचे गोड स्वप्न रंगवले की शरीर जणू काम उरकल्यासारखे सैलावते आणि पुढच्या खटपटीसाठी लागणारी ऊर्जा कमी होते, असे त्यांना आढळले आहे. सकाळी बरे वाटणे आणि दुपारी खचणे हा जो अनुभव तुम्ही लिहिला आहे, तो याच्याशी जुळणारा आहे. त्यात तुमच्या श्रद्धेचे किंवा इच्छाशक्तीचे काहीही उणे नाही. परीक्षकांनी केलेले कौतुक डोळ्यांपुढे आणल्याने डाव्या हाताने वाजणाऱ्या डग्ग्यावरचे एकही बोट शहाणे होत नाही, आणि मनाला ते आतून कळत असते.

आता दुसऱ्या प्रकाराविषयी, म्हणजे कृतीच्या उजळणीविषयी. एखादी हालचाल नीट कल्पिली की मेंदूचे हालचालींशी संबंधित असलेले बरेचसे भाग कामाला लागतात. फक्त स्नायूंना सुटणारा शेवटचा हुकूम बव्हंशी रोखून धरलेला असतो. एडमंड जेकबसन या अमेरिकन वैद्यकाने १९३०च्या सुमारासच दाखवून दिले होते की, माणसाने हात वाकवण्याची नुसती कल्पना केली तरी त्या हाताच्या स्नायूंत सूक्ष्म विद्युत हालचाल नोंदली जाते. फ्रान्समध्ये ज्याँ देसेती आणि मार्क जानरो यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना ठरावीक अंतर आधी मनाने आणि मग पायांनी चालायला लावले, तेव्हा दोन्ही वेळा जवळपास तेवढाच वेळ लागला. मनातल्या हालचालीला तिचा असा खरा काळ असतो, ही गोष्ट तालाच्या माणसासाठी फार मोलाची आहे, आणि तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

तुम्हाला सर्वांत जवळचा वाटेल असा प्रयोग अल्वारो पास्कुआल-लिओनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. पियानो न येणाऱ्या माणसांना एका हाताच्या पाच बोटांचा एक छोटा पलटा देण्यात आला. एका गटाने पाच दिवस, रोज दोन तास, तो प्रत्यक्ष वाजवला. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ पियानोसमोर बसून बोटे न हलवता तो फक्त मनात वाजवला. मेंदूतल्या बोटांच्या क्षेत्रात दोन्ही गटांत सारख्याच प्रकारचा बदल दिसून आला. वाजवण्यात मात्र फरक राहिला: पाच दिवस मनात वाजवणारे जिथे पोहोचले, तिथे प्रत्यक्ष वाजवणारे तीन दिवसांतच पोहोचले होते. पण त्यानंतर मनातल्या गटाला केवळ एकदा, दोन तास, प्रत्यक्ष वाजवायला दिले तेव्हा त्यांनी पाच दिवस वाजवणाऱ्यांची बरोबरी केली. मनातला रियाज हातातल्या रियाजाची जागा घेत नाही, पण हात पुन्हा वाद्यावर पडेल तेव्हा त्याने झपाट्याने शिकावे यासाठी जमीन तयार ठेवतो. तुमचे प्लास्टर निघणार आहे, दीड महिना हाताशी आहे, आणि म्हणूनच हे तीन आठवडे मला वाया गेलेले वाटत नाहीत.

प्लास्टरविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ब्रायन क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो विद्यापीठात निरोगी माणसांचे मनगट आणि हात चार आठवडे बांधून ठेवले. काहींना त्या काळात मनगटाचे स्नायू जोराने आवळत असल्याची कल्पना नियमितपणे करायला लावली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, नुसता हात बांधून ठेवलेल्यांची ताकद सुमारे ४५ टक्क्यांनी घटली आणि कल्पनेचा सराव करणाऱ्यांची सुमारे २४ टक्क्यांनी. ती माणसे निरोगी होती आणि तुमचे हाड मोडलेले आहे, हा फरक विसरून चालणार नाही. जेकबसनने नोंदलेली ती सूक्ष्म हालचाल लक्षात घेता, मनात वाजवताना प्लास्टरच्या आत खरोखर ताण येत असेल किंवा ठणका लागत असेल, तर लगेच थांबा. प्लास्टरबाहेरची बोटे किती आणि कशी हलवायची, हे तुमच्या अस्थिरोगतज्ज्ञांनाच विचारा. त्या बाबतीत माझा किंवा गुरुजींचाही शब्द चालणार नाही.

आता पद्धतीकडे येते. मानसशास्त्रज्ञ पॉल होम्स आणि डेव्हिड कॉलिन्स यांनी २००१ मध्ये खेळाडूंसाठी जी मांडणी केली, तिचा गाभा असा की मनातला सराव प्रत्यक्ष कृतीच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यावा: शरीराची ठेवण तीच, जागा तीच, हातात साधन तेच, वेग तोच, मनात येणारी भावनाही तीच. पलंगावर आडवे पडून, अंधारात, सैल अंगाने कल्पना करण्याची जी शिकवण व्हिडिओंतून दिली जाते, तिच्या हे नेमके उलट आहे. म्हणून तुम्ही रियाजाच्या वेळीच, रियाजाच्या जागीच बसा. तबला-डग्गा गवसणीतून काढून समोर ठेवा. प्लास्टरचा हात आधार देऊन मांडीवर किंवा उशीवर टेकवा, आणि डावा हात डग्ग्यावर ठेवा. मोबाइलवर तीनतालाचा लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवत पुन्हा पुन्हा वाजणारी सुरावट, विलंबित (संथ) लयीत लावा. डोळे मिटायलाच हवेत असे काही नाही. तबल्याच्या मधल्या काळ्या शाईकडे पाहत पाहत मनात वाजवणे अनेकांना अधिक सोपे जाते.

तुमचा डावा हात मोकळा आहे, हे तुमच्या पत्रात कुठेच आलेले नाही. उजवा हात गेला म्हणजे तबलाच गेला, असे तुम्हाला वाटत असावे. ज्या कायद्यात तुम्ही अडखळता, तो पुन्हा एकदा माझ्याबरोबर पाहा. भरीचा, म्हणजे डग्गा घुमतो तो, भाग ‘धाती टधा तीट धाधा तीट धागे तीना कीना’ आणि खालीचा भाग ‘ताती टता तीट ताता तीट धागे धीना गीना’. दोन अक्षरांची एक मात्रा धरली की भरीच्या आठ आणि खालीच्या आठ मिळून तीनतालाचे एक आवर्तन होते. दोन्ही भागांत उजव्या हाताची बोटे जवळजवळ तेच करीत असतात. शाईवर ‘ती’ आणि ‘ट’ तसेच पडतात, चाटेवरचा, म्हणजे पुडीच्या काठावरचा, ‘ना’ तसाच येतो. बदलतो तो डग्गा. भरीच्या शेवटी ‘तीना कीना’ला तो मिटतो, ‘ताती टता’पासून गप्प राहतो आणि ‘धागे’ला पुन्हा उघडतो. मात्रा मोजून पाहा: तिसरी टाळी १३व्या मात्रेवर पडते, तिथे अजून ‘तीट’ चालू असते, आणि डग्गा परततो तो १४व्या मात्रेवर. ठेक्यातही, म्हणजे तालाच्या मूळ बोलांतही, तसेच आहे. १३व्या मात्रेला ‘ता’ आहे आणि घुमारा १४व्या मात्रेच्या ‘धिं’ला येतो. टाळीच्या धक्क्याबरोबर डावा हात एक मात्रा आधीच खाली पडू पाहतो, आपण तो सावरतो, आणि त्या सावरण्यात उजवा हात लय सोडतो. पुष्कळ विद्यार्थ्यांचे इथे असेच होते. तुमचेही अडखळणे बहुधा हेच आहे, आणि तसे असेल तर ज्या हाताला आपण दोष देतो तो प्लास्टरमध्ये असून, ज्याला खरे शिकायचे आहे तो मोकळा आहे.

म्हणून पहिले काही दिवस असे करा. कायदा तोंडाने मोठ्याने म्हणा आणि डावा हात डग्ग्यावर प्रत्यक्ष वाजवा. उजवा हात फक्त मनात. ‘गे’ला तळहाताचा मागचा भाग डग्ग्यावर टेकलेला आहे आणि बोट पुडीवर पडून लगेच उठते आहे, ‘की’ला पंजा सपाट बसतो आहे, हे डाव्या हातात खरोखर जाणवू द्या, आणि त्याच वेळी उजव्या मधल्या बोटाला शाईचा खडबडीतपणा लागतो आहे, ‘ना’ला तर्जनी चाटेवर पडून तिथून उसळते आहे, हे मनाने जाणवू द्या. इथे आपण वाजवताना आपले हात जसे वरून दिसतात, तसेच ते मनात यायला हवेत. समोर बसलेल्या श्रोत्याच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहू नका. बोटांचे वळण शिकताना आतून घेतलेला अनुभव अधिक उपयोगी पडतो. बैठक वाकडी होते आहे का किंवा खांदा उचलला जातो आहे का, एवढे तपासण्यापुरती मात्र बाहेरून घेतलेली नजर बरी.

हे जमू लागले की आवाज कमी करत जा. एक आवर्तन मोठ्याने, एक पुटपुटत, एक पूर्ण मनात. मनातल्या आवर्तनात लेहरा चालूच राहील. तुमचे आवर्तन संपेल तेव्हा तुमची सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, आणि लेहऱ्याची सम एकाच क्षणी येते की नाही, ते ऐका. मघाशी मी ज्या खऱ्या काळाविषयी लिहिले, त्याचा पडताळा इथे आहे. सम जुळली तर तुम्ही खरोखर वाजवले. तुमची सम आधी आली तर मधले काही बोल तुम्ही गाळले, आणि उशिरा आली तर कुठेतरी हात शोधत बसला होता. मनातला रियाज हा आळसाचा प्रकार आहे, असे कोणी म्हणाले तर त्याला बरोबर चौगुनीत, म्हणजे चौपट लयीत, एक आवर्तन मनात करून लेहऱ्याच्या समेवर यायला सांगावे. इतका कठोर परीक्षक दुसरा नाही, आणि तो तुमच्या घरातच आहे. सुरुवातीला मात्र चौगुनीच्या मागे लागू नका. ज्या लयीत एकही अक्षर पुसट होत नाही, त्याच लयीत राहा.

मनातही त्याच जागी अडखळते, असे तुम्ही लिहिले आहे. हा भाग दुर्लक्ष करण्यासारखा नाही, कारण मनात चुकीचे वाजवले तर चुकीचाच रियाज होतो. गोल्फच्या चेंडूविषयी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, चेंडू खळग्यात जातो आहे असे कल्पिणाऱ्यांची कामगिरी सुधारली, आणि तो थोडक्यात हुकतो आहे असे कल्पिणाऱ्यांची ती स्पष्टपणे बिघडली. तेव्हा अडखळलेले आवर्तन तसेच पुढे रेटून नेऊ नका. लेहरा बंद करा. ‘ताता तीट धागे धीना’ एवढाच तुकडा घ्या, अर्ध्या लयीत घ्या, आणि पाहा की त्यात तुम्हाला नक्की काय ठाऊक नाही. मनात अडखळण्याचे कारण बहुतेक वेळा भीती हे नसते. त्या जागी कोणते बोट, कोणत्या हाताचे, कधी पडते याचे उत्तरच आपल्याकडे नसते. प्रत्यक्ष वाजवताना हात सवयीने काहीतरी करून नेतो आणि ते अज्ञान झाकले जाते. मनात ते उघडे पडते. म्हणून अशी जागा सापडली की वहीत लिहून ठेवा आणि गुरुजींना तेवढेच विचारा. तुकडा स्वच्छ झाला की त्याच्या आधीची दोन अक्षरे जोडा, मग आणखी दोन, आणि शेवटी पूर्ण आवर्तनात तो बसवा.

डोळे मिटल्यावर काही दिसत नाही, याची काळजी करू नका. माणसामाणसांत या बाबतीत केवढा फरक असतो, हे फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८०मध्येच नोंदवले होते. आपल्या सकाळच्या न्याहारीचे टेबल डोळ्यांपुढे आणा, असे त्यांनी लोकांना सांगितले, तेव्हा काहींना ते रंगांसकट दिसले आणि काहींना काहीच दिसले नाही. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाचे ॲडम झेमन यांनी मनात चित्र अजिबात न उमटण्याच्या या ठेवणीला २०१५ मध्ये नाव दिले, आणि अशी ठेवण असलेले लोक उत्तम कलावंत, शास्त्रज्ञ, वादक असू शकतात हेही आता माहीत आहे. तुम्हाला चित्राची गरज नाही. तुम्हाला आवाज हवा आणि स्पर्श हवा, आणि आपल्या परंपरेने या दोहोंसाठी अतिशय नेमके साधन आधीच घडवून ठेवले आहे. तबल्याचा प्रत्येक आघात उच्चारता येतो. जगातल्या फार थोड्या वाद्यांना ही सोय आहे. उस्ताद झाकीर हुसेन सांगत असत की, ते तान्हे असताना त्यांचे वडील उस्ताद अल्लारखा त्यांच्या कानात तालाचे बोल म्हणत. तबल्यावर हात ठेवण्याच्या कितीतरी आधी ती भाषा त्यांच्या कानात होती. जो बोल तोंडातून स्वच्छ निघत नाही तो हातातून निघणार नाही, असे गुरुजन म्हणतात, त्याला आज मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांचाही पाठिंबा मिळेल. आणि मध्यमा पूर्णच्या परीक्षेत हाताने ताल धरून ठाह (मूळ लय), दुगुन, तिगुन, चौगुन म्हणून दाखवावी लागतेच. म्हणजे परीक्षेचा एक भाग तर तुम्ही आजपासूनच पूर्णपणे तयार करू शकता. टाळी आणि खाली सध्या डाव्या हाताने मांडीवर दाखवा.

किती वेळ करावे, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच. जेम्स ड्रिस्केल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले होते. मनातल्या सरावाचा उपयोग होतो, पण प्रत्यक्ष सरावापेक्षा कमी होतो. एका बैठकीत सुमारे वीस मिनिटांपर्यंतच त्याचा चांगला लाभ मिळतो. आणि तो सोडून दिला तर दोन-तीन आठवड्यांत त्याचा परिणाम बराचसा ओसरतो, असे त्यांना आढळले. एकाग्रतेने केलेली वीस मिनिटे बरीच थकवतात. सकाळी पतसंस्थेत जाण्यापूर्वी एक बैठक आणि रात्री जेवणाआधी एक बैठक पुरेशी आहे. लक्ष उडाले की तिथेच थांबा, कारण लेहरा चालू आहे आणि मनात उद्याच्या डब्याचा विचार आहे, या अवस्थेत केलेला रियाज नुसता वेळकाढूपणा होतो.

परीक्षेच्या दिवसाची उजळणीही करा, परंतु ती प्लास्टर निघाल्यानंतर आणि हातांची उजळणी रुळल्यानंतर. तिच्यातही निकाल नको. केंद्रावर आपली पाळी येण्याची वाट पाहणे, आत गेल्यावर नमस्कार करून बैठक मारणे, तबला षड्जाला लागला आहे का ते हळूच तपासणे, नसल्यास हातोडीने गट्टे ठोकून तो मिळवणे, लेहरा सुरू झाल्यावर एक आवर्तन शांतपणे ऐकून समेवर उठणे, एवढे सगळे क्रमाने मनात घडू द्या. छातीत होणारी धडधडही येऊ द्या. ती दूर लोटलेल्या उजळणीचा खऱ्या प्रसंगी उपयोग होत नाही. आणि एखादा बिघाड मुद्दाम घाला: लेहऱ्याची लय तुमच्या सवयीपेक्षा चढी लागली, परीक्षकांनी मध्येच थांबवून भलताच ताल म्हणायला सांगितला, तिहाई (समेवर येण्यासाठी तीनदा वाजवायचा तुकडा) समेला एका मात्रेने चुकली. बिघाडानंतर तुम्ही काय करता, ते पूर्ण करूनच उजळणी संपवा. मायकेल फेल्प्स या जलतरणपटूला त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन अशीच सवय लावत असत. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरले आणि त्याला पुढचे काही दिसेना, तेव्हा त्याने हातांचे फेर मोजत भिंत गाठली आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक जिंकले. किती फेरांत भिंत येते, हे त्याच्या अंगात मुरलेले होते, म्हणून डोळ्यांवाचून त्याचे अडले नाही. तुम्हालाही मात्रा मोजत समेला परतता येते. तीच सवय परीक्षेत तुम्हाला सावरील.

प्लास्टर निघेल त्या दिवशी मात्र सावध राहा. मनगट ताठ असेल, पकड दुबळी असेल, त्वचा हळवी झालेली असेल, आणि मनातला तबला मात्र तीन आठवड्यांत बराच पुढे गेलेला असेल. या अंतराने अनेकांचा धीर सुटतो, आणि काही जण उलट मनाच्या लयीला हाताने गाठण्यासाठी मनगटावर नको तेवढा जोर देतात. तेव्हा मनातली लयही खाली आणा. आज हात ज्या लयीत वाजवू शकतो त्याच लयीत मनात वाजवा आणि हात मोकळा होत जाईल तसतशी दोन्ही बरोबर वाढवा. भौतिकोपचारतज्ज्ञांनी दिलेले व्यायाम आधी, तबला नंतर, हा क्रम मोडू नका. प्रत्यक्ष वाजवण्याची पाच मिनिटे, मग हात मांडीवर ठेवून तेच मनात, पुन्हा पाच मिनिटे हाताने, अशी आळीपाळी ठेवली तर दुखऱ्या मनगटाला विसावा मिळतो आणि रियाजही तुटत नाही.

परीक्षा द्यावी की नाही, हा निर्णय आजच घेऊ नका. प्लास्टर निघाल्यावर पंधरा दिवसांनी डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट विचारा: सलग अर्धा तास वाजवल्याने हाडाला किंवा सांध्याला अपाय होईल का, आणि वाजवल्यानंतर दुसऱ्या दिवशी किती दुखणे साधारण समजायचे. त्यांनी नकार दिला तर नोव्हेंबर-डिसेंबरचे सत्र आहेच, आणि या काळात केलेली पढंत कुठेही जात नाही. त्यांनी होकार दिला तर ‘धागे’वर परतणारा तो डावा हात गुरुजींना आधी वाजवून दाखवा. नणंदेला तुमच्या काळजीपोटीच व्हिडिओ पाठवावेसे वाटले असणार, तेव्हा त्यांच्यावर रागावू नका. त्यांना लेहऱ्यासमोर बसवा आणि मनातले आवर्तन संपताना तुमची सम बरोबर येते का, ते टाळी देऊन तपासायला सांगा.